वालाच्या खाचरातली बचावफळी

आमच्या फुटबॉल क्लबला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कमिटीने ठरवलं, क्लबच्या खोलीत एक बोर्ड लावायचा आणि त्यावर क्लबची आजवरची सर्वोत्तम स्टॉपरची जोडी रंगवायची. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध उभे राहणारे दोघे. गोल मारणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात, एकदा अडवणाऱ्यांचंही करूया, अशी ती उदात्त कल्पना. कल्पना माझीच होती. मी स्टॉपर होतो आणि मला त्या बोर्डावर माझं नाव पाहिजे होतं. उगाच खोटं कशाला बोलू? माझं नाव आजवर रेशनकार्डावर आणि गॅसच्या पुस्तकावर लागलंय, बस. मी एकेकाळी फुटबॉल खेळायचो असं मुलीला सांगितलं, तर तिने आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि मग परत मोबाईलकडे.

सभा भरली पेणला, आमच्या सेक्रेटरीच्या सलूनमध्ये. सोमवारी सलून बंद असतं, त्यामुळे शटर अर्धं ओढून सभा घेता येते. फिरत्या खुर्चीत सेक्रेटरी स्वतः, बाकड्यावर आम्ही. माझा जोडीदार, म्हणजे माझ्या शेजारी उभा राहणारा दुसरा स्टॉपर, मुद्दाम रोह्याहून गाडीने आला होता. तिथे त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. माणूस इतका शांत की दुकानात पंखा बंद पडला तरी आवाजात फरक पडत नाय.

मला वाटलेलं, पाच मिनिटांत आमची नावं पास होतील आणि वडापाव येतील. पण सेक्रेटरीने डोळे मिटून जाहीर केलं, "सर्वोत्तम जोडी म्हणजे डोलवीच्या कंपनीतले ते दोघं."

माझं टाळकंच सरकलं. "अरे, एक फर्स्ट शिफ्टला, दुसरा सेकंड शिफ्टला! दोघं एकदम मैदानावर कधी दिसले होते का?"

"तेच तर सांगतोय," सेक्रेटरी म्हणाला. "एकटा माणूस दोघांचं काम करायचा. यापेक्षा मोठी जोडी दाखव तू मला."

आता याच्यावर काय बोलायचं? डोकं आपटायचं तर समोर आरसा. शेवटी मी हुकमाचं पान काढलं. "आमच्या जोडीने एक अख्खा सीझन घरच्या मैदानावर गोल खाल्ला नाय. एकसुद्धा नाय." बाहेरच्या मॅचेस आम्ही धरत नाही. त्यात काय झालं हे विचारणं आमच्याकडे अपशकुनी मानतात.

सेक्रेटरी खुर्चीसकट माझ्याकडे फिरला. "तो सीझन वालाचा. तुमचा नव्हे."

 ते खरं होतं, आणि ते कधी बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं.

झालं होतं असं. आमचं मैदान म्हणजे गडब गावाच्या अलीकडे, भात कापून झाल्यावर मोकळी पडलेली खाचरं. मधले बांध तसेच असायचे, ते उडी मारून ओलांडायचे. पाहुण्या टीमचे निम्मे खेळाडू तिथेच आडवे व्हायचे. एका वर्षी आम्ही शेवटच्या खाचरात गोलचे बांबू पुरले. खाचर एका काकीचं होतं आणि आम्ही तिला विचारलं नव्हतं.  भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर तिने सरळ वाल पेरला, गोलच्या तोंडापासून पुढे पार बांधापर्यंत. गोलकीपरला उभं राहायला हातभर जागा सोडली, एवढी तिची मेहरबानी. आणि मग ती रोज बांधावर विळा घेऊन गवत काढायला बसू लागली.

हाफ-टाइमला बाजू बदलायची म्हटली तर पाहुण्यांचा गोलकीपर काकीला बघून नको म्हणायचा. मग आम्ही मोठ्या मनाने म्हणायचो, राहू दे, आम्हीच थांबतो इकडे. त्यांचा फॉरवर्ड वाऱ्यासारखा येई, मला चकवी, जोडीदाराला चकवी, समोर फक्त गोल. तेवढ्यात बांधावरून आवाज येई, "आरं ए मेल्या! बापाचं शेत हाय काय तुज्या? पाय तर टाक वालात!" भलेभले जागच्या जागी थिजायचे. एकाने तर बॉल हातात घेऊन, "चुकलं, मावशी," म्हणून आम्हालाच आणून दिला.

"तरी आम्ही पण काहीतरी केलंच की," मी म्हणालो.

"चला, काकीलाच विचारू," सेक्रेटरी म्हणाला.

अख्खी कमिटी टमटममध्ये कोंबून काकीच्या अंगणात गेली. काकी आता फार म्हातारी झालीय, डोळ्यांना नीट दिसत नाही. पुढ्यात परात घेऊन बिरडं सोलत होती. मोड आलेले वाल एकेक करून बोटांनी सोलायचे, वेळखाऊ काम. तिने आम्हाला बसवलं आणि प्रत्येकापुढे ओंजळभर वाल टाकले. त्यामुळे क्लबच्या इतिहासाचा निर्णय आम्ही सगळ्यांनी बिरडं सोलत घेतला.

सेक्रेटरीने प्रश्न मांडला. काकीला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"गोल कोनी अडवलं? मी अडवलं. ही पोरं नुसती हात वर करून वराडायची."

 सेक्रेटरीने तिथल्या तिथे ठराव केला: एक स्टॉपर काकी. "पण काकी, जोडीला दुसरा पाहिजे. तू सांग कोण."

मी नकळत थोडा पुढे सरकून बसलो. काकीने डोळे बारीक करून सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट रोखलं. माझ्यावर.

"ह्यो. बाकीचं समदं मेलं बुटांनी वाल तुडवीत बॉल आनायला यायचं. ह्यो एकटा बांधावर बूट काडायचा. अनवानी यायचा, बॉल उचलायचा, आडवी पडलेली रोपं हातानं उभी करायचा, मग जायचा. त्याला एकदा पन शिवी दिली नाय मी."

तो मी नव्हतो. तो माझा जोडीदार होता. आम्ही त्याला त्यावरून किती हसायचो, काय सांगू. मी तर बॉल आणायला गेलो की काकीची नजर चुकवून शेंगा खिशात भरायचो.

जोडीदार माझ्या शेजारीच बसला होता, बोटांना वालाची सालं चिकटलेली. मी तोंड उघडलं, खरं सांगायलाच उघडलं. आणि निघालं काय, तर "व्हय, काकी."

त्या टीममधले कमिटीत आम्ही दोघंच होतो, पण सेक्रेटरीला संशय आला. तो जोडीदाराकडे वळला. "तू होतास ना तिथे? बूट काढून हाच जायचा?"

जोडीदाराने माझ्याकडे बघितलं. मला किती हवंय हे त्याला माझ्या थोबाडावर दिसलं असणार. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "हाच. याचे बूट मी बांधावर धरून उभा असायचो."

काकी खूश झाली आणि तिने माझ्यापुढे आणखी ओंजळभर वाल टाकले. मी खाली मान घालून सोलत बसलो. एकही वाल अख्खा निघत नव्हता. जोडीदाराने माझ्यापुढचे निम्मे वाल आपल्याकडे ओढून घेतले.