टाचणातली उत्तरं

बीएडच्या सराव पाठांसाठी मी पनवेलच्या एका शाळेत महिनाभर जात होतो. तिथल्या शिपाई मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. वर्गात तक्ता लावायचा असला की त्या न सांगता खुर्ची आणायच्या आणि तो सरळ लागलाय का, ते लांबून डोळे बारीक करून बघायच्या.

इंग्रजीच्या पहिल्या पाठाआधी मी व्हरांड्यात टाचण, म्हणजे पाठाचा लिहून काढलेला आराखडा, पाठ करत होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे इंग्रजीत अडखळण्याची फार भीती होती. टाचणात माझ्या प्रश्नांसमोर मुलांची अपेक्षित उत्तरंही लिहिलेली असतात. मावशींनी विचारलं म्हणून मी त्यांना ते समजावलं.

त्या हसल्या. "पोरांनी काय बोलायचं ते पन तुमीच घरून लिवून आनलंय? मंग पोरं कशाला हवीत, सर?"

मला थोडा रागच आला.

वर्गात पहिल्याच प्रश्नाला एका मुलीने भलतंच उत्तर दिलं. मागे बसून आमच्या बीएड कॉलेजच्या मॅडम माझ्या पाठावर शेरे लिहीत होत्या. मला पुढचं काही आठवेना. शेवटी मी तिला इंग्रजीतच विचारलं, तुला असं का वाटतं?

पाठ न करता चारचौघांत बोललेलं ते माझं पहिलं इंग्रजी वाक्य.