मोटारीसाठी कापलेला ताणा

गेल्या मंगळवारी सकाळी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका तेलुगू विणकराचा ताणा भर रस्त्यात कापला गेला. खळ लावलेले सूत त्याने वाळायला गल्लीभर ताणले होते. सभेच्या पाहुण्यांची मोटार अडली, म्हणून स्वयंसेवकांनी त्यावर विळा चालवला. पाहुणे ‘परक्यांपासून सोलापूर वाचवा’ या विषयावर बोलणार होते. ते स्वतः त्याच सकाळी पुण्याहून आलेले. सभेचे अध्यक्ष कोकणातले, चिटणीस गुजरातेतले. परका तेवढा हा विणकर, ज्याचा बापसुद्धा याच गल्लीत जन्मला!

मी त्याच दुपारी गेलो तेव्हा तो उकिडवा बसून, बोटांना राख लावून एकेक तुटका धागा सांधत होता. कापड झाले नाही, तर त्या आठवड्यात त्याची चूल पेटणार नव्हती.

“मामा, सभेत येऊन जाब विचारा!” मी तावातावाने म्हणालो.

त्याने मानही वर केली नाही. “आजा आला तवा हितं नुसता माळ हुता. कुनाला इचारून यायचं हुतं, सायेब? बसा की, ते टोक धरा.”

उद्या सकाळी तो पुन्हा ताणा लावणार आहे, आणि उद्या त्याच पाहुण्यांची दुसरी सभाही आहे. वाचकहो, गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहा. मोटार आली, तर पाहुण्यांना खाली उतरवा आणि पायी जायला लावा.