वत्सलाक्कांनी पाहिलेला शेवटचा भाग

मंगळवारी दुपारी वत्सलाक्कांच्या मुलीचा, मालिनीचा, जर्मनीहून फोन आला. "आई फोन उचलत नाहीये. जरा वर जाऊन बघता?" मी गेले. एकट्या राहणाऱ्या वत्सलाक्का दिवसाढवळ्याही दाराला दोन कड्या लावत. त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं... हात लावताच उघडलं, आणि पाऊल टाकण्याआधीच मला कळलं. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या झोपल्यासारख्या बसल्या होत्या.

नवऱ्याला ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून चेन्नईत आले. वरच्या मजल्यावरच्या वत्सलाक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या. मराठी जुनी, तमिळ हेलाची. मध्येच "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मान हलवायच्या. त्यांना वेड होतं एका इंग्रजी मालिकेचं. अंतराळात भरकटलेलं यान, त्यातली माणसं आणि त्यांची म्हातारी कप्तान. शुक्रवारी दुपारी नवा भाग आला की त्या मला वर बोलावत, पाहता पाहता वहीत आकडेमोड करत. "एवढ्या हवेत इतकी माणसं अकरा दिवस जगतील, बारा नाही," असं म्हणून लिहिणाऱ्यांना नापास करून टाकत.

सात वर्षं चाललेली ती मालिका जानेवारीत संपली. शेवटच्या भागाला त्यांनी वही उघडलीच नाही. यानाचं इंजिन निकामी होत चाललंय हे एकट्या कप्तानला ठाऊक असतं. छोट्या यानांतून ती सगळ्यांना खालच्या ग्रहावर पाठवते, "मी मागाहून येते" म्हणते आणि स्वतः दार बंद करून घेते. मग पडदा काळा. सुटका नाही, काही नाही. जगभरचे चाहते या शेवटावर भडकले होते. मीही चिडलेच. म्हटलं, "तिनं सांगायला हवं होतं, अक्का. काहीतरी मार्ग निघाला असता."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर एकही गेला नसता. सगळे तिथंच बसले असते, तिचं तोंड बघत." आवाज अगदी कोरडा होता. मला वाटलं, मालिकेबद्दलच बोलताहेत.

त्यानंतरच्या दिवसांत मी बरंच पाहिलं आणि फारसं विचारलं नाही. जिन्यात प्रत्येक वळणावर त्या थांबू लागल्या. भात पानात तसाच राहू लागला. टेबलावरची निळी फाइल मी आले की उशीखाली जाई. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय?" त्याच सुमारास शहरातच वेगळ्या राहणाऱ्या मालिनीला जर्मनीतली नोकरी मिळाली होती आणि आईला एकटं सोडून जायला ती तयार नव्हती. अक्का तिच्या मागेच लागल्या. नवी बॅग आणून दाखवली, माझ्यासमोर तिला सांगितलं, "तू पुढं जा. घर लाव. उन्हाळ्यात मी येतेच." मला कप्तान आठवली. तरी मी चहा संपवून खाली आले. फेब्रुवारीत मालिनी गेली. सहा आठवड्यांनी अक्का गेल्या.

निळ्या फाइलमध्ये डिसेंबरचे रिपोर्ट होते. आजार पसरलेला, उपचार नाकारल्याची सही. मालिनी आली; दिवस झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

ती परत गेली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. शुक्रवारी दुपारी मी वर जाऊन खिडक्या उघडते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "आईची ती नवी बॅग आहे ना? तिनं काय काय भरलं होतं, बघता?" मी चेन ओढली. आत दुकानदारानं कोंबलेले कागद तेवढे होते.

"दोन स्वेटर आहेत," मी म्हणाले.

ती बराच वेळ रडली. म्हणाली, "म्हणजे यायचंच होतं तिला."

डिसेंबरात ती घर रिकामं करायला येणार आहे. साताऱ्याहून आणलेले, इथं कधी न लागलेले माझे दोन स्वेटर मी त्या बॅगेत घडी करून ठेवले आहेत. मालिनी मराठी बोलते, पण तिला ती वाचता येत नाही. म्हणून हे इथं लिहिते आहे.