उघड्या दारांचा सिद्धांत

वसईच्या बागायती पट्ट्यात दिवसा पुढचं दार लावायची पद्धत नाही. भरदुपारी कुणी लावलंच, तर घरात मयत झालं समजून शेजारी हातातलं काम टाकून धावतात, "कोण गेलं?" म्हणून. निवृत्त कर्नल इग्नेशियस अशाच घरात वाढले. त्यांच्या साऱ्या कीर्तीचं मूळ या दारात होतं.

शाळामास्तरांचा हा मुलगा फौजेत गेला आणि तरुणपणीच बंडखोरीने पेटलेल्या डोंगरी मुलखात त्याची नेमणूक झाली. बाकीचे अधिकारी किती बंडखोर मारले ते सांगत. हे मात्र गावकऱ्यांकडे बघत. सुरुवातीला तुकडी आली की धडाधड दारं लागायची. पुढे एका गावात सगळी दारं उघडीच राहू लागली. इग्नेशियसांचा ऊर भरून आला. अगदी आपली वसईच की! त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं: बंड मोडायचं तर आधी दार जिंका, दार उघडं राहिलं की गाव आपलं. पुस्तक फौजेच्या वर्गांत शिकवू लागले. कर्नलांची भाषणं झाली, शाली झाल्या, आणि पत्नी विनीबाईंना तो किस्सा ऐकून ऐकून तोंडपाठ झाला.

गेल्या महिन्यात विनीबाईंचा पाय मोडला, तेव्हा धर्मग्रामातल्या चर्चच्या सिस्टरांनी घरकामाला एलिसाला पाठवलं. चाळिशीकडे झुकलेली, त्याच डोंगरांकडची, नायगावला भाड्याने राहणारी. कामाला वाघ. एक खोड मात्र होती. दार सताड उघडं असलं तरी हाक मारेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी. "लाजते बिचारी," कर्नल म्हणायचे. तुझं गाव कुठलं, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

रविवारी पुतण्या लेस्ली निरोप घ्यायला आला. नवा लेफ्टनंट, पहिलीच नेमणूक त्या डोंगरांत. रोझरी झाली आणि सगळे जेवायला बसले.

"काका, तिथे सगळ्यात आधी काय बघू?"

"दारं!" कर्नल म्हणाले आणि त्यांनी गावाचं नाव घेऊन किस्सा सुरू केला.

एलिसाचा वाढता हात थांबला. "ते माझं गाव, सर."

कर्नल खुलले. "अरे वा! मग तूच सांग याला, दारं उघडी का असायची?"

"बंद दार जवान लाथेने तोडायचे," एलिसा शिकलेल्या मराठीत म्हणाली. "बाबांनी दोनदा नवं केलं. मग लाकूड राहिलं नाही. मग सगळ्या गावानेच दारं काढून जंगलात लपवली. उघडी नव्हती, सर. दारं नव्हतीच. रात्री आई उंबऱ्यावर बसून राहायची. आमच्याकडे न विचारता आत फक्त जवान यायचे."

त्या गावातून कर्नल कितीदा गेले होते, आणि एकाही चौकटीकडे त्यांनी नीट पाहिलं नव्हतं! माणूस शिकलेला, पण डोळे वसईचे; त्यांना उघडं दार दिसलं आणि ते हुरळून गेले. लाथा मारणारे त्यांचेच जवान होते.

"अहो, घास तरी गिळा," विनीबाई घाबरून म्हणाल्या.

"लेस्ली, ते पुस्तक नेऊ नकोस."

"नेऊन काय, न नेऊन काय? आमच्या सगळ्या बॅचला ते पाठ आहे, काका," लेस्ली ओशाळून म्हणाला. "बाकीचे कालच पोचलेसुद्धा."

लेस्ली गेला. रात्रभर कर्नलांचा डोळा लागला नाही. सकाळी त्यांना त्या उघड्या दाराकडे बघवेना. उठून त्यांनी ते लावून घेतलं.

थोड्या वेळाने कडी वाजली. कर्नलांनी दार उघडलं. बाहेर एलिसा होती, आणि तिच्यामागे केळीच्या वाडीतून कोयत्यासकट धावत आलेली शेजारची ॲंजेला.

"कोण गेलं, कर्नल?"

कर्नल एलिसाकडे बघत राहिले.

"अजून कळलं नाही, ॲंजेला," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकापायी किती गेले तेही कळलं नाही."