वीस मिनिटांचा ट्रॅक्टर

झुंबर मिस्त्रींना बावडा सोडून जळोचीत येऊन सत्तेचाळीस वर्षं झाली, तरी जळोचीत त्यांना अजून बावड्याचे म्हणतात आणि बावड्यात जळोचीचे. दोन्ही गावांचं एकमत होतं ते एवढ्यावरच, की डिझेल इंजिनाबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही. माणसांबद्दल बोलतो, पण गरजेपुरतं. तेवढं कोण बोलत नाही?

अलीकडे त्यांच्याकडे काम फारसं येत नसे. नव्या ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगची तारीख मालकाच्या मोबाईलवर येते. बिघाड झालाच तर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, ट्रॅक्टरला वायर जोडतो आणि स्क्रीनकडे बघून गंभीर होतो. मिस्त्रींच्या वाट्याला उरले होते म्हातारे ट्रॅक्टर आणि त्यांचे त्याहून म्हातारे मालक. तेही दरवर्षी कमी होत. आधी बहुधा मालकच जाई.

माळेगावच्या दत्तोबांचं तसंच झालं. एकोणऐंशी सालचा ट्रॅक्टर आणि कुशाबाई एवढं मागे ठेवून ते दोन वर्षांपूर्वी गेले. वर्षश्राद्ध झालं आणि ट्रॅक्टरनं नवीनच खोड काढली. सुरू व्हायचा, वीस मिनिटं गुमान चालायचा, मग धाप लागल्यासारखा गचके देत बंद पडायचा. दत्तोबांच्या मुलाचं, इंद्रजितचं, त्यावाचून काही अडत नव्हतं. त्याचा नवा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. त्यानं आईला सरळ सांगितलं, "शनिवारी भंगारवाला येतोय. त्याच्या आत तासभर सलग चालवून दाखवा, मग ऱ्हाऊ दे."

मिस्त्री आधी दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी टाकीचं झाकण उघडून डिझेल पाहिलं, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, पंप उकलून धुतला. ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला. मिस्त्रींनी चहा घेतला, 'आता काय बी हुत न्हाय' म्हणाले, आणि कालव्याच्या पुलापर्यंत पोचतात न पोचतात तोच कुशाबाईंचा फोन आला. सत्तेचाळीस वर्षांच्या नावाला असा फोन दोनदा येणं बरं नव्हे.

शुक्रवारी सकाळी ते तिसऱ्यांदा आले. पान्यांची पिशवी त्यांनी उघडलीच नाही. रिकामं पोतं अंथरून ट्रॅक्टरशेजारी बसले.

"मिस्त्री, आज काय सत्याग्रह?" इंद्रजितनं विचारलं.

"आधी दुखणं येऊ दे. वैद्यानं घाई केली की दुखणं लपतं."

"तुमी म्हणाल तसं. मी मोबाईलवर टाइम लावतो."

त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. कुशाबाई पदर सावरत दारात उभ्या होत्या. त्यांची नजर मोबाईलवरही नव्हती आणि मिस्त्रींवरही. ती ट्रॅक्टरवर होती, आजारी माणसाच्या अंथरुणाकडे बघावं तशी. एकोणिसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन गचके बसले आणि सगळं गप्प झालं.

"वेळेचा मातूर लय पक्का हाय," इंद्रजित म्हणाला.

मिस्त्री उठले. सवयीनं पहिला हात टाकीच्या झाकणावर गेला. झाकण फिरवताच सुस्सऽ असा आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. आधीच्या दोन्ही खेपांना तो आवाज झालाच असणार. पण तेव्हा मिस्त्री बोलत होते.

त्यांचा हात तिथंच थांबला.

टाकीतून डिझेल जसं इंजिनाकडं जातं, तशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला मोहरीएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून आवळते, पंप ओढत राहतो आणि डिझेल जागचं हलत नाही. झाकण उघडलं की झालं, रोग बरा. म्हणजे मिस्त्रींनी दोनदा नकळत रोग बरा केला होता आणि त्यानंतर ठणठणीत अवयवांवर शस्त्रक्रिया केली होती.

त्यांनी झाकण पुसलं. लाल, चिवट थर होता. नखानं खरवडला तेव्हा खाली ते भोक दिसलं.

कुंकू. बॉनेटवर अगदी मधोमध, कपाळासारखं ते झाकण. दरवर्षी खंडेनवमीला त्याला एक बोट लागायचं, एवढ्यानं काही होत नव्हतं. पण दत्तोबा गेल्यावर कुशाबाईंचा करंडा घरात तसाच पडून राहिला. स्वतःला लावायचं नाही, असं गावानं ठरवलेलं. ट्रॅक्टरबद्दल गावानं काही ठरवलेलं नव्हतं. त्या रोज सकाळी अंघोळ झाली की ट्रॅक्टरला कुंकू लावायच्या. शेजारची साखरबाई एकदा बोललीही होती, 'विधवेच्या हातचं कुंकू यंत्राला बाधतं बरं का.' हे त्यांनीच मागच्या खेपेला चहा देताना, हसण्यावारी नेत, मिस्त्रींना सांगितलं होतं.

मिस्त्रींनी अंगठा पायजम्याला पुसला. "कचरा हुता," ते म्हणाले. इंजिनाबद्दलचं ते त्यांचं पहिलं खोटं असावं. सरावाअभावी फार वाईट वठलं.

कुशाबाई जवळ आल्या. पायजम्यावरच्या लाल डागाकडे त्यांनी पाहिलं, मग झाकणाकडे.

"माझ्या हातानं बंद पडत हुता व्हय?"

"वैनी, तसं न्हाय."

"साखरबाई खरं बोलली म्हणायची."

"साखरबाईला डिझेलमधलं काय कळतं?" मिस्त्रींचा आवाज एकदम चढला. "सवाष्णीनं लावलं असतं तरी भोक बुजलंच असतं. देवळातल्या पुजाऱ्यानं लावलं असतं तरीबी. भोकाला सवाष्ण-विधवा कळत न्हाय, वैनी. त्याला फकस्त हवा लागती. आन् चुकलं माझं. दोनदा झाकण हातात धरलं, पर बघितलं न्हाय."

इंद्रजितनं मोबाईल खिशात घातला. मग कुशाबाईंच्या तोंडावर पदर गेला, आणि दोघांना वाटलं, आता रडणार. पण त्या हसत होत्या.

"ह्यांचं बी असंच हुतं," त्या म्हणाल्या. "आजारपणात दोन-दोन गोधड्या घालायची मी. म्हणायचे, कुशे, माया जरा बेतानं कर, गुदमरतो मी."

मिस्त्रींनी तारेच्या टोकानं भोक मोकळं केलं, झाकण बसवलं. कुशाबाईंना हाताला धरून मडगार्डवर बसवलं आणि स्वतः सीटवर चढले. ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यानं निघाला. इंद्रजित मोटारसायकलवरून मागं. वीस मिनिटं झाली. तीस झाली. कालवा गेला, उसाचे फड गेले. परतताना साखरबाई दारात उभी राहून बघत होती. कुशाबाईंनी तिला हात केला. पन्नासाव्या मिनिटाला इंद्रजितनं गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. "उद्या येऊ नका," एवढंच बोलला. का ते सांगितलं नाही, आणि पलीकडच्यानं विचारलंही नसावं.

अंगणात परत आल्यावर मिस्त्रींनी इंजिन बंद करायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या हो वाईच चालू," कुशाबाई म्हणाल्या. त्या मडगार्डवरून उतरल्या नव्हत्या.

इंद्रजितनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा टाकीकडं. मग शेडमध्ये गेला आणि डिझेलचा कॅन घेऊन आला.