गेटवरच्या बाईंचं पाणी

भर डिसेंबरात एखादी बाई घामाने निथळताना दिसली, तर तुमच्या मनात आधी काय येतं? मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या बाई दारू प्यायल्या आहेत.

बाई पन्नाशीच्या. अंगात भडका उठला की त्या कॉलरचं बटण सोडतात, टोपी काढून तिनेच वारा घेतात आणि तरीही येणाऱ्या गाडीला दुसऱ्या हाताने रुबाबात सलाम ठोकतात.

"थंडीत एवढा घाम? काही घेतलंय का?" सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं.

"पाळी जातेय माझी, साहेब. वहिनींना विचारा, त्या सांगतील."

साहेब जे लिफ्टकडे सुटले! मी हसून हसून बेजार.

मग बाई माझ्याशी बोलत बसल्या. या वयात हार्मोन्स बदलतात, असं डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं. चाला, वेळेवर झोपा, तिखट कमी खा, भरपूर पाणी प्या.

"सगळं करतंय गो. पाणीच तेवढं पीत नाय. प्यायले तर जाऊ कुठे? गेल्या महिन्यात लघवीला जळजळ होऊन तापाने पडलेले."

आमच्या क्लबहाऊसमधला संडास फक्त रहिवाशांसाठी आहे, एरवी त्याला कुलूप. त्यांच्या आजाराचं निम्मं कारण वय नाही, आम्ही आहोत.

कमिटीशी माझं भांडण सुरू झालंय. तुम्हीही आज खाली उतरा, तुमच्या गेटवरच्या बाईंना कुठे जाता म्हणून विचारा आणि जागाच नसेल, तर संडासाची किल्ली मिळवून त्यांच्या हातात द्या.