मुरलेले पाणी

दामूअण्णा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. रेल्वेच्या मालधक्क्यावर अण्णा कारकून होते, तिथला हमाल वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, अण्णा गेले की हो… वजनकाट्यापाशी बसले, आन् उठलेच न्हाईत." चैत्र संपत आलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अण्णांच्या गल्लीत शिरलो तर ऐन उन्हाळ्यात गटार भरून वाहत होते. घरात मृत्यू झाला की साठवलेले पाणी टाकून देतात. ते काम सुरू झाले होते. हंडे, कळश्या, पडवीतले रांजण, सगळे पालथे. अण्णांचे थोरले बंधू नाना त्या दिवशी मोडनिंबहून काही कामासाठी आलेले होते आणि आता सूत्रे त्यांच्या हाती होती. पडवीच्या टोकाला लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती. तिच्यात दोन नारिंगी मासे आणि त्यांच्याभोवती मोहरीएवढ्या पिल्लांचा ढग. नाना तिच्याकडे बोट दाखवत होते.

"नाना, त्यात जीव आहेत," मी म्हणालो.

"घरातलं पाणी म्हणजे घरातलं पाणी, मास्तर."

तेवढ्यात आतून, अण्णांच्या उशाशी बसलेल्या वहिनींचा आवाज आला. थोरल्या दिरासमोर त्या कधी तोंड उघडत नसत. "मुरलेलं आहे ते. लोणच्याची बरणी टाकता का तुम्ही?"

नाना थबकले. बरणी टाकत नाहीत. शास्त्राला कुठेतरी थांबावेच लागते, आणि ते बहुधा लोणच्यापाशी थांबते. पेटी वाचली.

'मुरलेलं' हा शब्द अण्णांचा. मलबारकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने त्यांना मडक्यातून हे मासे आणून दिले होते. बोटाएवढे, कुशीवर शाईचे बोट लागावे तसा काळा डाग. पहिली खेप अण्णांनी ताज्या नळाच्या पाण्यात सोडली. पटकीच्या भीतीने उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात पावडर घालतात. तिचा वास आमच्या चहालाही येतो. मासे काळवंडले, वर येऊन तोंडे उघडू लागले आणि संध्याकाळपर्यंत उलटे झाले. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मासे मेले म्हणून उपास धरणारे आपल्यात तुम्ही पहिलेच."

दुसऱ्या खेपेला त्यांनी रांजण मांडले. नळाचे पाणी उघड्या तोंडाच्या रांजणात ठेवायचे, हलवायचे, उंचावरून ओतायचे, नाक लावायचे, जिभेवर घ्यायचे. पावडरीचा मागमूस राहिला नाही की मग पेटीत थोडे थोडे. आपल्या पाण्याने किटलीला पांढरी पुटे चढतात, त्याचे मात्र त्यांना दुःख नव्हते. हे मासे खाडीच्या तोंडचे, त्यांना क्षार मानवतो, असे म्हणून ते वर चिमूटभर मीठही टाकत. "आपल्यात मासे खात नाहीत," वहिनी म्हणाल्या, "पण मीठ नंतर लावतात एवढं मला ठाऊक आहे."

खरी लढाई पुढेच होती. उजाडताच शिळे पाणी ओतून द्यायचे, या वळणात वहिनी वाढलेल्या. अण्णांनी मुरवत ठेवलेला रांजण त्या रोज रिकामा करत. भांडणे झाली, अबोले झाले. शेवटी अण्णांमधला मालधक्क्याचा कारकून जागा झाला. पोत्यावरची चिठ्ठी बदलली की पोते दुसऱ्या गाडीत जाते, हे त्यांना माहीत होते. "अगं, शिळं नव्हे ते," ते म्हणाले, "मुरलेलं आहे." वहिनी हसल्या, आणि रांजणाला पुन्हा हात लागला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर शोकसभा झाली. हार तसबिरीपेक्षा मोठा होता. अध्यक्षांनी दामोदरपंतांना दिगंबरपंत करून 'मुक्या जीवांचे कैवारी' ठरवले. मी मध्येच उठलो. बसवत नव्हते. रांजण रिकामे होते, उन्हाने पेटीतले पाणी रोज उतरत होते आणि मुरलेला थेंब घरात नव्हता.

आणि त्या पाण्यावर आणखी काही तरंगत होते. नाना घर बंद करून वहिनींना मोडनिंबला नेणार होते. तिथे काय वाट पाहत होते ते सगळ्यांनाच कळत होते… माजघराचा कोपरा, विधवेचे तांबडे आलवण आणि केस उतरवणारा न्हावी. वहिनी एवढेच म्हणाल्या होत्या, "पिल्लं आईबापांपासून सुटी होऊ देत, मग निघते." आईच्या कर्तव्यावर नाना गावात भाषणे देतात, त्यांना नाही म्हणता येईना. मी हे ज्या मासिकात लिहितो आहे त्याचा अंक ते वाचतात. वाचोत.

रांजण नळाच्या पाण्याने पुन्हा भरले. मी रोज शाळा सुटली की तिकडे जाई, रांजणाशी वाकून हुंगत बसे. तपकिरीने माझे नाक केव्हाच निवृत्त झालेले. ज्या पाण्याला पूर्वी बोट लावले नव्हते ते वहिनी चाखून बघत आणि मान हलवत, "अजून नाही, मास्तर." एकदा पाणी फारच खाली गेले म्हणून अर्धेकच्चे घालावे लागले. नर काळा पडला. बरीच पिल्ले तळाला गेली. आम्ही दोघे काचेला नाक लावून बसलो. सकाळी नराचा रंग परतला. उरलेली पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टोचून खात होती. वहिनी म्हणाल्या, "आईबापांना खाऊनच मोठी होतात की सगळी."

गेल्या आठवड्यात नाना आले. वळकटी बांधायला दोरी घेऊनच आले. पिल्ले पेटीभर आपापली हिंडत होती, आईबापांकडे बघतही नव्हती.

"झाली की सुटी," नाना म्हणाले.

वहिनींनी काचेवर बोट टेकवले. पेटीत एक कौलाचा तुकडा तिरका ठेवलेला आहे, अण्णांनीच ठेवलेला. त्यावर अंड्यांची नवी रांगोळी होती, आणि जोडी तिच्यावर परांनी वारा घालत होती.

"आता कसं निघू, नाना?"

नाना अण्णांच्या खुर्चीत बसले. मग दोरी पुन्हा गुंडाळत म्हणाले, "आणि ही सुटी झाल्यावर?"

वहिनी रांजणावरचे फडके सारखे करत होत्या. "तोवर पुढची असतील की."